सुमित्राच्या तोंडचे शब्द

इंडोनेशियातल्या बेकासी शहरात कालव्यालगतच्या वस्तीत राहणारी नीनिंग रोज सकाळी डबा घेऊन रडायला जायची. शेजारणी तसंच म्हणायच्या. समोरची, हजला जाऊन आलेली बु हाजी रोमलाह कुंपणावरून हाक मारायची, "निघालीस का गं रडायला?" आणि नीनिंग स्कूटर चालू करता करता सांगायची, "हो, आज खूप रडायचंय. सासू घराबाहेर काढतेय. एमाकचा भात झाकून ठेवलाय, जरा लक्ष ठेवा."

एमाक म्हणजे नीनिंगची खरी सासू. अर्धांगवायूने तिची डावी बाजू गेली होती, जीभ मात्र शाबूत होती. ती खिडकीतून ओरडायची, "माझ्यावर कसलं लक्ष ठेवायचं? मी कुठे पळून जातेय?"

नीनिंग काम करायची तो स्टुडिओ टायरच्या दुकानाच्या माडीवर होता. परदेशी मालिका तिथे यायच्या आणि इंडोनेशियन आवाज लावून चॅनेलकडे जायच्या. मालिकेतली बाई तुर्की असो, कोरियन असो नाहीतर भारतातली असो, नवऱ्याने तिला टाकली किंवा सासूने छळली की तिच्यासाठी नीनिंगला उभं करायचे. देशभरातल्या बायका तिच्या आवाजाबरोबर रडल्या होत्या. चेहरा मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. बाजारात तिने "मासळी ताजी आहे ना?" असं विचारलं तरी कोळीण दचकून वर बघायची आणि मग हसून म्हणायची, "आई गं, मला वाटलं कुणीतरी मेलं."

हे काम तिला हेंदारने दिलं होतं. स्टुडिओत डबिंग दिग्दर्शन तोच करायचा, संवादही तोच लिहायचा. नीनिंग तिथे आधी कारकून म्हणून लागली होती. तिचे वडील गेल्याचा फोन आला तेव्हा ती जिन्यात बसून रडली. हेंदार वरच्या पायरीवर उभा राहून ऐकत होता. गावाहून ती परत आल्यावर त्याने तिला माइकसमोर उभं केलं आणि म्हणाला, "त्या दिवशीसारखं रड." तिने रडून दाखवलं. तो खूष होऊन म्हणाला, "तुझ्या रडण्यात भांडण नाहीये. ऐकणाऱ्याला तुझी भीती वाटत नाही. फार दुर्मीळ आहे हे." पुढे त्याने तिच्याशी लग्न केलं. ते वाक्य तिने कितीतरी वर्षं दागिन्यासारखं जपलं.

एकदा तिने खलनायिकेचं काम मागितलं होतं. त्या बायका तिला आवडायच्या. स्वतःची गाडी चालवायच्या, वकिलाला फोन करायच्या, नको असलेल्या माणसाला तोंडावर नको म्हणायच्या. मालिकेत एखादी बाई स्वतःच्या मनाने काही ठरवायला लागली की जाहिराती संपेपर्यंत ती दुष्ट ठरते, हे नीनिंगच्या ध्यानात आलेलं होतं. तरी एकदा तसं बोलून बघावं असं तिला वाटायचं. हेंदार हसला होता. "निंग, तुझ्या तोंडून 'मी जाणार नाही' हे वाक्य ऐकून लोक म्हणतील, बिचारीला ताप आलाय."

एमाकला यातलं काही सांगण्यात अर्थ नव्हता. तिला मालिका हव्या असायच्या आणि दुसऱ्या बायकोला मनसोक्त शिव्या देता यायला हव्या असायच्या. त्याला कारण होतं. हेंदार लहान असताना त्याचे वडील दुसरं लग्न करून निघून गेले होते. एमाकने त्यांचे कपडे इस्त्री करून, घड्या घालून दिले होते, आणि त्या घड्यांची लाज तिला अजून वाटत होती. "मूर्ख होते मी," ती नीनिंगला सांगायची, "कॉलरला खळसुद्धा लावली."

त्या वर्षी एका भारतीय मालिकेने सगळ्यांना वेड लावलं होतं. नायिका सुमित्रा, नवरा देवराज, मोठी हवेली. तिच्या भांगातल्या कुंकवाचा नेमका अर्थ काय ते नीनिंगला ठाऊक नव्हतं, पण ते पुसलं गेलं की हुंदका खोलवरून काढायचा हे ठाऊक होतं. देवराज दुसरी बाई घरात आणणार होता. तिचं नाव नयना, आणि तिचा आवाज होता विदुरीचा.

विदुरी स्टुडिओत नवीन होती. गोड, चटपटीत, नीनिंगला 'तेह निंग' म्हणजे निंगताई आणि हेंदारला सगळ्यांसारखं आदराने 'कांग' म्हणणारी. एका दुपारी रेकॉर्डिंगच्या मध्ये विदुरीने पिशवीतून थर्मास काढला आणि झाकणात ओतून प्यायली. नीनिंगच्या नाकाला वास आला. तांदूळ, आलं, चिंच आणि ताडगूळ घालून केलेला जामू नावाचा काढा. हेंदारच्या घशासाठी ती तो रोज पहाटे करायची, आणि त्यात चिमूटभर जायफळ टाकायची. जायफळ दुसरं कुणीच टाकत नाही.

"कुठून आणलास गं हा?" तिने विचारलं.

"कांग हेंदार देतात. त्यांची आई करते म्हणे. म्हातारीच्या हाताला काय चव आहे, तेह!"

म्हातारीचा एक हात वर्षभर उशीवर पडून होता. नीनिंगने कानांना हेडफोन लावले आणि उरलेला प्रवेश एका दमात पुरा केला. ध्वनिमुद्रण करणारा तोगार काचेपलीकडून अंगठा वर करून म्हणाला, "झकास!"

घरी आल्यावर तिने हेंदारला स्वयंपाकघरात गाठलं. त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत. विदुरीशी त्याचा निकाह झाला होता. ओळखीचा एक उस्ताद म्हणजे मौलवी, दोन साक्षीदार, बोगोरला भाताच्या गिरणीमागे भाड्याचं घर. शनिवार-रविवारी तो 'बाहेरगावच्या रेकॉर्डिंगला' जायचा ते तिथेच.

नीनिंग खाली चटईवर बसली. तिच्या तोंडून शब्द आले ते ठरवून आलेले नव्हते. "ज्या हातांनी तुमच्या आईची घाण काढते, त्याच हातांनी तुमचा घास वाढते. एकदा सांगायचं होतं. मी स्वतः उठून चटई मोकळी करून दिली असती. मला असं झोपेत का लुटलंत?"

हेंदार शांतपणे ऐकत होता. मग त्याने पाण्याचा ग्लास तिच्यासमोर ठेवला. "राग येणारच. ये राग. पण आईच्या कानावर जाता कामा नये. डॉक्टर काय म्हणालेत माहितीये ना? धक्का बसला की संपलं. तू सांगितलंस आणि तिला काही झालं, तर ते तुझ्या डोक्यावर."

पलीकडच्या खोलीत एमाक टीव्हीवरच्या नयनेला शिव्या घालत होती.

नीनिंगने स्वतःला समजावलं की एमाकसाठी गप्प राहायचंय. ते काही दिवस टिकलंही. मग एक दिवस तिच्या हातात सुमित्राच्या नव्या भागाचे कागद आले.

देवराजने घरी सगळं कबूल केलेलं असतं आणि सुमित्रा जमिनीवर बसलेली असते. कागदावर संवाद होता: *ज्या हातांनी तुमच्या आईची सेवा करते, त्याच हातांनी तुमचा घास वाढते. एकदा सांगायचं होतं. मी स्वतः उठून जागा मोकळी करून दिली असती.* आणि पुढे हेंदारची भर होती: *पण तुम्ही माझे देव आहात. आणा तिला. तिचा बिछाना मी माझ्या हातांनी घालीन.*

नीनिंगने काचेकडे पाहिलं. हेंदार खुर्चीत रेलून, वाकडी करंगळी वर ठेवून पेन्सिल फिरवत होता. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्याला ती वाक्यं चांगली वाटली होती, म्हणून त्याने ती घेतली होती.

"कांग," ती माइकमध्ये म्हणाली, "ही वाक्यं—"

"छान आहेत ना? खरी वाटतात. चल, टेक."

ती बोलली. सगळं बोलली. बिछान्याच्या वाक्याला हेंदारने बटण दाबून थांबवलं. "निंग, 'बिछाना' शब्दावर जरा आणखी तुटायला हवं. तिने माफ केलंय, पण दुखतंय. पुन्हा."

ती पुन्हा बोलली. पुन्हा तुटली. काचेपलीकडे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि विदुरीने येऊन तिला मिठी मारली. "तेह, मला तर रडूच आलं!" विदुरीच्या केसांना नीनिंगच्या घरातल्या साबणाचा वास नव्हता, पण हेंदारच्या शर्टाला अलीकडे येणारा वास होता.

ती बाथरूममध्ये गेली, आणि आरशासमोर तिला पहिल्यांदा कळलं की तिला रडू येत नाहीये. तिला राग आला होता, आणि त्या रागाने तिला बरं वाटत होतं. या माणसाने तिचं दुःख घेतलं, त्याच्यावर माफीचा पालव पांघरला आणि देशाला विकलं. आता घरोघरच्या नीनिंगना सुमित्राचा दाखला दिला जाणार होता.

तसंच झालं. तो भाग लागला तेव्हा वस्तीतल्या बायका नेहमीसारख्या एमाकच्या खोलीत जमल्या होत्या. बु हाजी डोळे पुसत म्हणाली, "बायको असावी तर अशी. स्वर्गात हिची जागा पक्की." कोपऱ्यात बसलेल्या यातीला तिने कोपर मारलं. यातीचा नवरा वर्षभर दुसरीकडे राहत होता. "शिक काहीतरी. सारखी कोर्टाची भाषा करतेस." याती मान खाली घालून कसावाचे काप खात राहिली.

नीनिंगने ते पाहिलं. माझ्याच वाक्याने हिला मारलं, असं तिच्या मनात आलं.

त्यानंतर ती वाट बघू लागली. घाई तिने केली नाही. हेंदारचा जामू ती करत राहिली, जायफळ मात्र टाकेना. त्याला फरक कळला नाही, याचाही तिने मनात राग धरला. संध्याकाळी एमाकला पुसून, पावडर लावून झाली की ती शेजारी बसून मालिका बघायची, पण आता तिची नजर फक्त ओठांवर असायची. सुमित्रा कुठे पाठमोरी होते, कुठे पदर तोंडाला लावते, कुठे कॅमेरा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर जातो. पडद्यावरच्या बाईचे ओठ दिसत नसले की तिच्या तोंडी काहीही घालता येतं. हेंदारनेच हे शिकवलं होतं.

संधी चालून आली ती विदुरीमुळे. तिला लोम्बोक बेटावरचा समुद्र बघायचा होता. मालिकेचे शेवटचे भाग राहिले होते, विदुरीचे संवाद आधीच रेकॉर्ड झाले होते, फक्त सुमित्राचे बाकी होते. हेंदारने नीनिंगला बोलावून सांगितलं, "चॅनेलची मीटिंग आहे सुराबायाला. चार-पाच दिवस नसेन. तुझं काम तू तोगारबरोबर उरकून घे. तुला काय सांगायचं, तुझ्यावर डोळे मिटून विश्वास आहे माझा."

"हो कांग," नीनिंग म्हणाली. "निर्धास्त जा."

सगळ्यात मोठा प्रवेश होता माफीचा. नयना आजारी असते, पश्चात्ताप झालेला असतो, आणि सुमित्रा देवराजचा हात तिच्या हातात देते. मालिकेच्या दिग्दर्शकाने तो मोठा भारी चित्रित केला होता. सुमित्रा जवळजवळ पूर्ण वेळ पाठमोरी, कॅमेरा कधी हातांवर, कधी नयनेच्या रडक्या चेहऱ्यावर. फक्त सुरुवातीला आणि शेवटी सुमित्राचे ओठ दिसत होते.

तोगार मेदानचा, बाताक जमातीचा, आवाज ढगासारखा. त्याने चित्र लावलं. नीनिंगने हातातले कागद उलटे करून ठेवले.

"कागद नको?" त्याने विचारलं.

"पाठ आहे."

ती बोलायला लागली. पहिल्या वाक्याला तोगारने वर पाहिलं. तिसऱ्या वाक्याला त्याने हेडफोन एका कानावरून सरकवला आणि पुन्हा लावला. ती थांबली तेव्हा त्याने चित्र थांबवलं.

"तेह," तो म्हणाला, "कांग हेंदारना माहितीये हे?"

"ऐकतील तेव्हा कळेल."

तोगारने गाल फुगवून हवा सोडली. त्याची धाकटी बहीण मेदानला नवऱ्याने अशीच फसवल्यामुळे माहेरी येऊन बसलेली होती, हे नीनिंगला ठाऊक नव्हतं. ते त्याने पुष्कळ नंतर सांगितलं. त्या वेळी तो एवढंच म्हणाला, "शेवटच्या वाक्यात ओठ आधी मिटतात. एक शब्द कमी करा. पुन्हा घेऊ."

चॅनेलवाले पुढे काय तपासायचे? आवाजाची पातळी आणि शिव्या. पातळी चोख होती. शिवी एकही नव्हती.

तो भाग लागला त्या संध्याकाळी एमाकच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नीनिंगने एमाकच्या पाठीला उशी लावली, औषध दिलं आणि पलंगाच्या कडेला बसली. डॉक्टरांचा नंबर तिने फोनवर काढून ठेवला होता. धोका माहीत असूनही ती उठून टीव्ही बंद करत नव्हती.

पडद्यावर सुमित्राने देवराजचा हात उचलला आणि पाठ फिरवली. हवेलीत सतार वाजत होती. मग नीनिंगचा आवाज आला. त्यात रडणं नव्हतं. शेजारणीला दुधाचा हिशेब सांगावा इतका तो साधा होता.

"घे. धर हा हात. करंगळी वाकडी आहे बघ. सायकलवरून पडलो असं सांगेल तुला. खोटं आहे. बाप घर सोडून चालला होता तेव्हा हा दारात आडवा आला, आणि बापाने करंगळीवर दार लावून घेतलं. तेव्हा हा ज्या बाईसाठी रडला, त्याच बाईला हा आज फसवतोय. आईला सांगतो रेकॉर्डिंग आहे, आणि जाऊन झोपतो बोगोरला, भाताच्या गिरणीमागे. तुला देतो तो जामू मी केलेला आहे. तुला ऐकवतो ती वाक्यं माझी आहेत. मी तुला माफ करत नाही. यालाही करत नाही. मी हा तुला देतेय, कारण मला तो नकोय."

मग विदुरीचा आधीच भरून ठेवलेला आवाज हुंदके देत आला, "ताई, तुमचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही!"

बु हाजीच्या हातातला केळ्याचा काप अर्ध्यावर राहिला. "बोगोर?" ती म्हणाली. "भारतात बोगोर आहे?"

याती पहिल्यांदा खदखदून हसली. मग तिने एमाककडे पाहिलं आणि तोंडावर हात दाबला.

एमाक टीव्हीकडेच बघत होती. तिचा चांगला हात चादरीवर उघडझाप करत होता. मुलाची करंगळी कशी मोडली हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. तिने स्वतः हळद लावून ती बांधली होती, आणि घाईत बांधल्यामुळे ती वाकडी जुळली होती.

"बायांनो," ती म्हणाली, "घरी जा आता."

सगळ्या गेल्यावर नीनिंगने तिचा हात धरायचा प्रयत्न केला. एमाकने तो सोडवून घेतला.

"मला काही झालं असतं तर?" तिने विचारलं. "विचार केला होतास?"

खोटं बोलणं सोपं होतं. वर्षानुवर्षं नीनिंगने खोट्या गळ्यातून खरं रडणं काढलं होतं. पण ती म्हणाली, "केला होता, एमाक. तरी बोलले."

"बरं केलंस म्हणणार नाही," एमाक म्हणाली. "पण त्याने माझ्या जिवाचं कुलूप करून तुझ्या तोंडाला लावलं होतं, हो ना?"

"हो."

"बापापेक्षा हुशार निघाला." तिने पाणी मागितलं, प्यायली, आणि म्हणाली, "फोन लाव त्याला."

फोन लागला नाही. लोम्बोकच्या किनाऱ्यावर हेंदारचा फोन तेव्हा भलत्याच लोकांनी भरून गेला होता. सुमित्राच्या त्या प्रवेशाचा तुकडा कुणीतरी कापून पाठवला आणि तो देशभर फिरला. लोकांनी त्यावर गाणी लावली, बोगोरच्या रिक्षावाल्यांनी 'गिरणीमागे चला' असे फलक लावून फोटो काढले. बाकीच्यांसाठी तो विनोद होता. डबिंगच्या धंद्यात मात्र वाकडी करंगळी सगळ्यांनी पाहिलेली होती. चॅनेलने दुसऱ्याच दिवशी काम काढून घेतलं.

तो आला तेव्हा सकाळ होती. उन्हाने नाक सोललेलं, अंगात समुद्राकाठचा फुलांचा शर्ट. दारातूनच ओरडला, "नागडं केलंस मला! सगळ्या देशासमोर!"

नीनिंग एमाकला पेज भरवत होती. तिने चमचा खाली ठेवला. इतकी वर्षं ती त्याला अहो-जाहो करत आली होती. "मी फक्त आवाज दिला, हेंदार. माझ्या आयुष्यातली वाक्यं उचलून मालिकेत घालायची, हे तूच शिकवलंस. मी थोडी जास्त घातली."

"माझा धंदा बुडाला! दहा माणसांच्या पोटावर—"

"कोण आलंय गं?" एमाक पलंगावरून म्हणाली. "रेकॉर्डिंगवाला का?"

हेंदार पलंगाशी गुडघ्यांवर बसला आणि रडायला लागला. नीनिंग ऐकत राहिली. रडणं तिच्या धंद्यातलं होतं. सुरुवात खरी होती. पुढे पुढे तो ऐकणाऱ्याचा अंदाज घेत रडत होता. "माफ कर, आई," तो म्हणाला, मग वळून म्हणाला, "निंग, माफ कर."

"'माफ'च्या आधी श्वास फार घेतलास," नीनिंग म्हणाली. "खोटं वाटतं. पुन्हा."

त्याने असं पाहिलं की जणू तिने त्याच्या थोबाडीत मारली. तिला ते आवडलं. इतकं आवडलं की नंतर कित्येक दिवस भांडी घासताना ती तो चेहरा आठवायची आणि तिला भूक लागायची.

घर एमाकचं होतं. तिने मुलाला कपडे घेऊन जायला सांगितलं. तो कपाटाशी गेला तेव्हा एमाक ओरडली, "निंग, घड्या घालून देशील तर खबरदार!" नीनिंगने कपाट उघडलं, शर्ट, पँट, लुंग्या कवेत घेतल्या, आणि दारासमोरच्या गटारावर जाऊन हात सोडले. बु हाजी कुंपणाशी उभी होती. तिने "अस्तगफिरुल्लाह" म्हणत अल्लाची क्षमा मागितली, पण आत गेली नाही. हेंदारने पाण्यातून एक निळा शर्ट उचलला, बाकीचं तसंच टाकलं आणि चालू लागला.

पुढे जे झालं ते सगळंच नीनिंगच्या मनासारखं झालं नाही. चॅनेलने तो प्रवेश दुसऱ्या बाईच्या आवाजात करून घेतला, आणि पुनःप्रसारणात सुमित्राने नयनेला रीतसर माफ केलं. शेवटच्या भागात सगळे एका ताटात जेवले. नीनिंगने ते बघताना टीव्हीला चप्पल मारली. तोगारची नोकरी गेली. त्याला दुसरी लवकर मिळाली, पण मधल्या काळात तो दारात येऊन बसायचा तेव्हा नीनिंगला त्याच्या डोळ्यांत बघवायचं नाही. विदुरी बोगोरचं घर सोडून आईकडे गेली. तिच्या पोटात मूल होतं असं कुणीतरी सांगितलं. "वाईट वाटत नाही का?" असं यातीने विचारलं, तेव्हा नीनिंगने खरोखर मनात शोधलं. थोडं सापडलं. हेंदारसाठी शोधलं तर काहीच सापडलं नाही.

यातीने मात्र कोर्टात अर्ज दिला. बु हाजीने समजवायचा प्रयत्न केला तेव्हा याती म्हणाली, "कुठल्या सुमित्रासारखं वागू ते सांगा. पहिल्या आवाजातल्या की दुसऱ्या?"

नीनिंगला बरेच महिने कुणी माइकजवळ उभं केलं नाही. मग देपोकच्या एका छोट्या स्टुडिओने बोलावलं. तिथली दिग्दर्शक बाई होती, सुलह्या नावाची, आणि तिला खलनायिका हवी होती. नीनिंग त्या कामात चांगलीच रुळली. वकिलांना फोन करायची, गाड्या चालवायची, माणसांना तोंडावर नको म्हणायची. शेवटच्या भागांत तिच्या बायका जिन्यावरून पडायच्या, वेड्या व्हायच्या, तुरुंगात जायच्या. "का पण?" ती सुलह्याला विचारायची. "हिने केलं काय एवढं? घर मागितलं स्वतःचं!" सुलह्या खांदे उडवायची. मरणाच्या प्रवेशात नीनिंग रडायची नाही. कितीही सांगितलं तरी नाही.

आणि मग ईद आली. त्या दिवशी सगळे सगळ्यांची माफी मागतात, वर्षभरातली चूक, कळत-नकळत. नकार कुणी देत नाही. नकार देता येतो हेच कुणाच्या डोक्यात नसतं. दारं उघडी होती, ताटांत केतुपात म्हणजे नारळाच्या पानांच्या विणलेल्या पुडीतला भात आणि नारळाच्या रश्श्यातली कोंबडी होती, घर पाहुण्यांनी भरलं होतं. हेंदार आला. वाळला होता, टोपी नवी होती. आधी आईपाशी गेला. एमाकने डोक्यावर हात ठेवला, कारण ती आई होती, पण बोलली नाही. मग तो नीनिंगसमोर वाकला, तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मनापासून माफी मागतो, निंग. कळत-नकळत झालेल्या सगळ्याची."

बु हाजीचे डोळे आधीच भरून आले होते. सगळ्या बायका वाट बघत होत्या, आणि त्यांना पुढचं वाक्य पाठ होतं.

नीनिंगने हात सोडवून घेतला. "कळत झालेल्याची नाही," ती म्हणाली. "नकळत काही झालं असेल तर त्याची दिली. बस. जेवून जा."

"निंग, अगं आज ईद आहे!" बु हाजी कळवळली.

"माहितीये. म्हणून तर वाढतेय."

तिने त्याला ताट वाढलं. भात सोडवून दिला, कोंबडीचा चांगला तुकडा दिला, वर रस्सा घातला. काय बोलावं हे न कळून पाहुण्यांनी हवेबद्दल बोलायला सुरुवात केली. हेंदार मान खाली घालून सगळं जेवला. जाताना दारात रेंगाळला, तिने पाहिलं नाही.

पुढच्या ईदलाही तो आला. तेव्हाही तिने त्याला तसंच पोटभर वाढलं, आणि तेव्हाही तेच उत्तर दिलं.